एका लाँचचं भाडं

मे महिन्यातला शुक्रवार. प्रश्न बाराशे डॉलरचा. फोनवर आम्ही तिघं: मुंबई ऑफिसातले सुपरिंटेंडंट कुलकर्णी, दुबईजवळच्या फुजैरा बंदरातला आमचा एजंट आणि सास्तुरात घरून काम करणारा मी. आमची कंपनी मालवाहू जहाजं सांभाळते. त्यांचे स्पेअर मागवून जहाजावर पोचते करणं ही माझी नोकरी.

जहाज बंदराबाहेर नांगरलेलं होतं. तिथं माणूस असो की खोका, किनाऱ्यावरून लाँचनंच जातो. एका फेरीचे बाराशे डॉलर. म्हणून आम्ही सगळं एकाच फेरीत बसवतो. या फेरीत प्युरिफायरचे, म्हणजे इंधनातला गाळ काढणाऱ्या यंत्राचे, स्पेअर जायचे होते. बदलीचा इंजिनिअर चढणार होता आणि थर्ड इंजिनिअर सचिन उतरणार होता. सचिन माझ्या शेजारच्या तात्यांचा एकुलता एक मुलगा. रविवारी त्याच्या बहिणीचं लग्न होतं.

खोका दुबईच्या कस्टम्समध्ये अडकला.

"सर, सचिनला आज उतरवू. खोका उद्या दुसऱ्या लाँचनं."

"दोन लाँच? मालकाला काय सांगू, वऱ्हाड निघालंय?"

"दुसरा प्युरिफायर चालू आहे. खोक्याची घाई नाही."

"सचिनची तरी कुठं आहे? लग्न परवा. उद्या एकदमच करा."

शनिवारी दुपारी लाँच, रात्री हैदराबादचं विमान, पुढं गाडीनं सास्तूर. हिशोब बसत होता. मी एजंटाला मेल केली.

तात्या मांडवाचे बांबू मोजत होते. मी सांगितलं तसं म्हणाले, "म्हंजी तुमची बोट वडापच की. भरल्याबिगर सुटंना."

"उद्या नक्की सुटेल, तात्या."

"सुटू द्या. पोरगी सकाळधरनं चारदा इचारून गेली."

शनिवारी खोका दुपारनंतर सुटला. लाँच निघाली तोवर वारा वाढला होता. अर्ध्यातून परत फिरली. रविवारी बंदरानं लहान बोटी बंदच ठेवल्या.

कानपिळीला सचिनच्या जागी चुलतभाऊ उभा राहिला. कुणीतरी व्हिडिओ कॉल लावून फोन नवरदेवाच्या कानाशी धरला. "सच्या, पीळ की जोरात! लई माजलाय नवरदेव!" मांडव हसला. नवरीनं फोन स्वतःकडं घेतला, पण रेंज गेली होती. ती फोनच्या पडद्याकडं बघत राहिली. तात्या माझ्या शेजारीच उभे होते. जेवायला मला हाताला धरून बसवलं, ते रागावण्यापेक्षा जास्त लागलं.

सोमवारी लाँच गेली, सचिन मंगळवारी पोचला. बहीण भूमला सासरी गेली होती.

खोका जहाजाच्या स्टोअरमध्ये महिनाभर न उघडता पडून होता.

खरेदी खात्यातल्या नव्या मुलांना मी आता एवढंच सांगतो: माणूस आणि खोका एका फेरीत असतील, तर वेळ माणसावरून ठरवा.

अर्ध्यातून फिरलेली फेरीही पूर्ण धरतात. एजंटाला दोन फेऱ्यांचे चोवीसशे डॉलर दिले. बदलीच्या इंजिनिअरच्या तीन जादा रात्रींचं हॉटेलबिल वेगळं. कानपिळीचे पाचशे एक रुपये चुलतभावाला मिळाले.