व्याह्यांची बहिरी चरबी

आमच्या सांगलीच्या व्याह्यांसारखा माणूस साऱ्या मुलखात दुसरा सापडणार नाही, आणि सापडलाच तर त्याला तिथंच राहू द्यावं. नव्वद सालानंतरची गोष्ट. छातीच्या दुखण्यापायी डॉक्टरांनी त्यांना कोलेस्टेरॉल उतरवायची गोळी दिली, तेव्हा ती नवीनच निघाली होती. पुढं रक्तातली साखर वाढली. डॉक्टरांनी समजावलं, की इन्शुलिन साखर घेऊन चरबीच्या पेशीचं दार वाजवतं. या गोळीनं पेशीला कदाचित कमी ऐकू येत असेल, अजून पक्कं कुणाला ठाऊक नाही, पण हृदयासाठी गोळी सोडू नका. दुसरा कुणी मान हलवून घरी आला असता. हे घरी येऊन पोटाशी बोलायला लागले! जेवण झालं की सदरा वर करायचा, बोटं मुडपून पोटावर टकटक करायची आणि ओरडायचं, "ए, दार उघड! साखर आलीया!" एस्टीतसुद्धा. शेजारची बाई उठली ती कराडपर्यंत उभ्यानं गेली.

त्यांचं पोट, त्यांनी बघावं. पण माझ्या धाकट्याच्या लग्नात, साताऱ्यात, भर पंगतीत मी आणखी एक जिलेबी घेतली, तर माझ्या पोटावर टकटक करून म्हणतात, "व्याही, तुमालाबी लय चरबी चढलीया. कुणाचं ऐकतच न्हाई!"

चरबी! मला! पंगत खदाखदा हसली. मी शिकलो तिसरीपर्यंत, पण शिवी कळायला तेवढी शाळा पुरते. थोरली लेक त्यांच्या घरात दिलेली, म्हणून ताटावरनं उठलो नाही, एवढंच. बजावलं, "शब्द मागं घ्या. तवर लेकीच्या उंबऱ्याला माझा पाय लागायचा न्हाई."

"आवं, मी रोगाचं बोललो," म्हणाले. शब्द काही मागं घेतला नाही.

मग नातवाचं जावळ आलं. लेकीनं निरोप धाडला, "आबा आल्याबिगर कातरी लावू द्यायची न्हाई." पोराचे केस डोळ्यांवर आले तरी हटेना. कुणावर गेली कोण जाणे! शेवटी गेलो. उंबऱ्याबाहेरच थांबून म्हणालो, "आदी शब्द मागं घ्या."

व्याह्यांनी कानामागं हात धरला. "आँ?"

मी गल्लीला ऐकू जाईल असा ओरडलो.

"च्या? हाय की! बिनसाखरंचा!"

लेक हळूच म्हणाली, "आबा, मामंजींना आता ऐकूच येत न्हाई."

आता भांडायचं कुणाशी? व्याह्यांनी हसत माझ्या पोटावर टकटक केली, हाताला धरलं आणि आत नेलं.

शब्द अजून मागं आलेला नाही. मी सोडणाराही नाही. म्हणून अधूनमधून सांगलीला जातो. कडी वाजवून उपयोग नसतो. तसाच आत जातो आणि त्यांच्या पोटावर टकटक करतो. मग ते वर बघतात.