उष्टं धुपाटणं

आमचे धाकटे भाऊजी चहा घेण्याआधी रिकामा कप उलटा करून त्याचं बूड बघतात. मुलं त्यांना खापरकाका म्हणतात ते काही उगीच नाही. एकतीस वर्षं त्यांनी प्रयोगशाळेत जुन्या मडक्यांची खापरं घासली. खापराची चकती काचेवर चिकटवायची आणि आरपार उजेड दिसेपर्यंत घासायची. मग सूक्ष्मदर्शकाखाली मातीतले कण सांगतात, मडकं कुठलं. पण त्याआधी खापराला जीभ लावायची! चिकटली तर भाजणी कच्ची.

"शास्त्र आहे हे, वहिनी."

असेल. शास्त्र करून आलेल्या माणसाला मी चूळ भरल्याशिवाय पानावर बसू देत नाही.

शुक्रवारी ते निवृत्त व्हायचे होते, आणि पंधरा दिवस तोंड पाडून बसलेले. खोदकामात निघालेले दोन हजार वर्षांचे रांजण जहाजातून आले, असं साहेबांनी अहवालात लिहिलेलं. भाऊजींचं म्हणणं, रांजण इथलेच. साहेब म्हणाले, "इथल्या मातीचा नमुना दाखवा, ओळ खोडतो."

ती माती ओढ्याकाठची, आणि ओढा बुजवून तिथे आता गाड्या लावतात. त्या मातीचं उरलेलं एकच भांडं भाऊजींना ठाऊक होतं: माझं देवापुढचं धुपाटणं. कोपऱ्यावरच्या कुंभारणीने सासूबाईंच्या देखत घडवलेलं.

"नखाएवढा तुकडा द्या, वहिनी."

"देवाच्या वस्तूचा? साहेबांचा कप फोडा."

"तो कारखान्यातला आहे. बघितलाय मी."

"बघितलाच असणार!"

नाही म्हणजे नाही, असं मी मंगळवारी सांगितलं. बुधवारी सकाळी दूध उतरवून येते तो काय, भाऊजी देवासमोर उभे, हातात धुपाटणं उलटं, आणि जीभ त्याच्या बुडाला.

"भाऊजी!"

दचकले, पण जीभ चिकटलेली. सुटली तेव्हा म्हणाले, "सवय हो, वहिनी."

उष्टं भांडं देवापुढे परत कसं ठेवायचं? मी राख झटकली आणि ते त्यांच्या डब्याच्या पिशवीत कोंबलं. "न्या आता. अख्खं घासा!"

शुक्रवारी निरोपाला आम्ही घरची सगळी गेलो. भाऊजींनी मला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. आधी माझं धुपाटणं, मग रांजण. दोन्हींत तेच हिरवट टोकदार कण, बांगड्यांचा चुरा सांडावा तसे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कुणा बाईने त्याच काठावर माती मळली होती. मी नकळत हात जोडले. साहेबांनी माझ्यादेखत ओळ खोडली. पुढे निरोपाची भाषणं झाली. भाऊजींनी एकही ऐकलं नसावं. ते त्या खोडलेल्या ओळीकडेच बघत होते.

वाटेत विचारलं, "खरं सांगा, सवयीने की मुद्दाम?"

"भाजणी मात्र कच्ची होती हो, वहिनी."

काल त्यांनी नवं पितळी धुपाटणं आणलं. पितळेला जीभ चिकटत नाही, कळतं मला. तरी ते मी देवांसकट वरच्या फळीवर हलवलंय.