गल्लीचा डबा आणि काकांची आरोळी

जे यंत्र मुकाट्यानं चालतं, त्याचे किस्से होत नाहीत. आमच्या फ्रिजचा एकही किस्सा मला आठवत नाही. पण आमच्या घरचा वायफाय राउटर? त्याचा विषय निघाला की मूर्तिजापूरच्या आमच्या गल्लीत चहाचं दुसरं आधण ठेवावं लागतं! दोन वर्षांत त्या डबड्यानं इतके किस्से दिले, की आता ते नीट लावून ठेवले नाहीत तर एकमेकांत मिसळून जातील.

दहावीनंतर मी बाहेर पडले ती थेट बंगळुरूला. शिक्षण आणि नोकरी मिळून अकरा वर्षं गेली. परत आले तेव्हा मनात एक गोष्ट पक्की होती : आपल्या माणसांचे फोटो, गाणी, आवाज कुठल्या तरी लांबच्या कंपनीच्या भरवशावर कशाला सोडायचे? आपल्या गल्लीची आठवण आपल्या गल्लीतच राहिली पाहिजे. मी आजही हे मानते.

म्हणून एक राउटर आणला. त्याच्या पाठीला हार्ड डिस्क जोडायची सोय होती. डिस्क आमच्या बैठकीत, पण आजूबाजूच्या आठही घरांना ती आपापल्या फोनवर उघडता येणार. ओट्यावर सगळ्यांना बसवून मी चांगलं वीस मिनिटं भाषण दिलं. सामूहिक स्मृती वगैरे शब्द वापरले.

भाषण संपल्यावर निवृत्त हेडमास्तर तायडे गुरुजी म्हणाले, "समजलं! सार्वजनिक नळ. नाव साऱ्यांचं, अन् पानी ज्याच्या दारात त्याचं!"

दिसायला डबा आणि मालकी गल्लीची, म्हणून त्या दिवसापासून त्याचं नाव पडलं, गल्लीचा डबा.

*

डब्यात पहिली मौल्यवान वस्तू आली ती सुनंदाकाकूंची.

काकू आमच्या समोर राहतात, बाजारात भाजी विकतात. काका होते तेव्हा हातगाडी घेऊन गल्लोगल्ली फिरायचे. त्यांची आरोळी ऐकून आम्ही शाळेची वेळ ओळखायचो. "मेऽऽथी, पाऽऽलक, सांबाऽऽर! ताजा माल हाय वो बाईऽऽ!" सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. बंगळुरूला पहिल्यांदा 'सांबार' मागितला आणि वाटीत आमटी आली, तेव्हा मला घरची अशी आठवण आली होती की विचारू नका.

काका गेले, तेव्हा मी तिकडेच होते.

काकूंच्या जुन्या फोनमध्ये चार मिनिटांचं एक रेकॉर्डिंग निघालं. टॉर्च लावता लावता चुकून झालेलं. त्यात काकांची आरोळी, वजनावरून एका बाईशी हुज्जत, थोडा खोकला आणि शेवटी, "अवो, तो फोन ठेवा अन् च्या मांडा!" एवढंच. काकांचा दुसरा आवाज कुठेही नव्हता.

मी ते डब्यात टाकलं. काकू नवऱ्याचं नाव घेत नाहीत आणि दुसऱ्यानं लिहिलेलंही त्यांना चालेना. म्हणून फोल्डरला नाव दिलं 'ते'.

तिसऱ्या दिवशी पाहते तर काकूंच्या ओट्यावर नवं कोरं स्टीलचं घमेलं!

"काकू, छान आहे. कुठून आणलं?"

"भांडेवाली आल्ती ना! जुना फोन देल्ला, घमेलं घेतलं."

"काकू! फोन दिला?"

"मंग? तूच त सांगतलं, आता सारं डब्यात हाय म्हनून!"

म्हणजे आता काका फक्त आमच्या बैठकीत होते.

*

दर आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी सकाळी आंघोळ करून काकू आमच्याकडे यायच्या. खुर्चीवर नाही, खाली चटईवर बसायच्या. मी डब्यातून रेकॉर्डिंग लावायचे. चारही मिनिटं त्या डोळे मिटून ऐकायच्या आणि हुज्जतीच्या जागी दर वेळी हसायच्या. "त्या बाईनं अर्धी जुडी जास्तच नेल्ती!" हेही दर वेळी.

मग उन्हाळा आला. वऱ्हाडातला. राउटर हात लावू देईना, एवढा तापायचा. मधेच डिस्क गायब व्हायची, बंद-चालू केलं की परत दिसायची.

एके दुपारी मी अकोल्याहून आले तर डबा जागेवर नाही! बाबांनी तो उचलून कूलरच्या बरोब्बर तोंडासमोर स्टुलावर मांडला होता. कूलरच्या ओल्या जाळीतून बारीक तुषार थेट त्याच्या अंगावर.

"बाबा, हे काय केलं?"

"काय केलं म्हंजे? मानसाले कूलर लागते, त्याले नाई लागत का?"

डिस्क अर्थातच दिसेनाशी झाली. तेवढ्यात काकू दारात. त्यांचा दिवस होता, पण सकाळी मी घरी नव्हते म्हणून आता आल्या होत्या.

"हायेत का ते?"

मी काही बोलायच्या आत बाबा म्हणाले, "हायेत, हायेत! आंघोय करून राह्यले!"

दोन दिवस तांदळाच्या डब्यात पुरून ठेवल्यावर डिस्क परत आली. काकूंनी त्या दिवशी आरोळी दोनदा ऐकली.

*

या प्रकारानंतर मी शहाणी झाले. महत्त्वाच्या सगळ्या गोष्टींची दुसरी प्रत हवी. गुरुजींकडे मुलानं ठेवून दिलेला कॉम्प्युटर होता आणि कामात त्यांच्याइतका चोख माणूस गल्लीत नाही. मी त्यांच्यावर काम सोपवलं.

चौथ्या दिवशी गुरुजी इस्त्रीचा शर्ट घालून आले. "झालं काम. मूय प्रत, दुय्यम प्रत, दोन्ही तपासल्या. तुह्या काकूचं रेकॉर्डिंग त मी सोता पुरं ऐकलं."

मी निश्चिंत झाले.

*

लाइट गेली की डब्याचं डोकं फिरायचं. लाइट यायची, वायफाय यायचं, पण डिस्क येता येत नसे. तिला उठवायची एक पद्धत मला सापडली होती : आधी डिस्कची वायर काढा, राउटर चालू करा, हिरवा दिवा स्थिर झाला की मगच वायर लावा. घाई केली तर पहिल्यापासून.

हे काम वानखडेकाकांनी स्वतःकडे घेतलं. ते शकुंतलेवर, म्हणजे आमच्या जुन्या नॅरोगेज गाडीवर, गार्ड होते. लाइट आली की ते घरून शिट्टी घेऊन निघायचे. खरोखरची, गार्डाची! दिवा लुकलुकत असेपर्यंत हात आडवा. स्थिर झाला की शिट्टी. मग मी वायर लावायची.

एकदा मी शिट्टीच्या आधीच लावली.

"ए पोरी! सिग्नल तोडून राह्यली का?"

वायर काढून पुन्हा पहिल्यापासून. तोवर ते समोर बसून सांगत राहिले. दूरच्या बांधावरून कोणी हात हलवत धावत येताना दिसलं की गाडी कशी थांबवायची, चढलेल्या बाईची टोपली कोण वर घ्यायचं, कोणत्या स्टेशनावर चिंचेखाली पाण्याचं मडकं असायचं. सांगता सांगता डब्याकडे पाहून म्हणाले, "हे तुह्यं यंत्र हुशार असंन बाप्पा. पन याले मानूस येऊन राह्यला हे दिसत नाई."

 

*

मग डब्याला अपचन झालं. दर तासाला आपोआप बंद, आपोआप चालू. पाहिलं तर डिस्क काठोकाठ भरलेली! जागा तर भरपूर होती. भरलं कोणी?

उघडून पाहिलं. 'ताईचं लग्न' या फोल्डरमध्ये लोणच्याचे तीन व्हिडिओ. भीमगीतांच्या फोल्डरमध्ये कोणाच्या तरी म्हशीचे फोटो. परीक्षेच्या नोट्समध्ये गुलाबाची फुलं आणि 'शुभ सकाळ', दीडशे वेळा.

शेजारच्या रेखावहिनींना विचारलं, "वहिनी, लग्नाच्या फोल्डरमध्ये लोणचं तुम्ही टाकलं?"

"हो."

"कशाला?"

"अवो, मी त्यातून लग्नाचा व्हिडिओ घेतला ना! मंग कोनाचा डबा रिकामा वापस करत असते का?"

आठही घरं हेच करत होती. शेजारून वाटी आली तर ती रिकामी परत जात नाही, चिमूटभर साखर तरी घालतोच. एवढी वर्षं बाहेर राहून मीच विसरले होते.

मी काहीही पुसलं नाही. दुसरी डिस्क घ्यायचं ठरवलं आणि पुढच्या महिन्यावर टाकलं.

*

पुढचा महिना आलाच नाही. एका सकाळी डिस्कमधून टक्, टक्, टक् असा आवाज सुरू झाला. वानखडेकाकांनी तीनदा शिट्टी फुंकली. काही उपयोग नाही.

मला भीती नव्हती. मी गुरुजींकडे गेले. "गुरुजी, दुय्यम प्रत दाखवा."

"डब्यातच त हाय. 'दुय्यम प्रत' नावाचं फोल्डर."

"गुरुजी! डब्यातच?"

"मंग कुठं? मूय अन् दुय्यम एकाच फायलीत पाह्यजे! सदतीस वर्षं तसंच केलं. नाईतर तपासनीला साहेब आला की शोधत बसा!"

मग माझा चेहरा पाहून त्यांना समजलं. ते खाली बसले. पण चूक त्यांची नव्हती. कुठे ठेवायची ते मी सांगितलंच नव्हतं आणि नंतर एकदाही जाऊन पाहिलं नव्हतं.

काकूंना मीच सांगितलं. त्या मेथीच्या जुड्या बांधत होत्या. हात थांबले नाहीत.

"येवढी शिकली तू, येवढ्या लांब राह्यली. अन् एक मानूस नाई सांभायला गेला तुह्याच्यानं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दाराच्या कडीला सांबाराची जुडी अडकवलेली होती, नेहमीसारखी.

*

अमरावतीला बिघडलेल्या डिस्कमधून माल काढून देणारा एक जण आहे असं कळलं. काकू म्हणाल्या, "मी येतो." बाजाराचा दिवस बुडवून आल्या. बसमध्ये डिस्क त्यांच्या मांडीवर, पदराखाली. खड्डा आला की त्या दोन्ही हातांनी धरायच्या.

दुकान एका अरुंद गल्लीत, तळमजल्यावर. वर लोकांची घरं, गॅलऱ्या, वाळत घातलेले कपडे. दुकानदारानं डिस्क ठेवून घेतली आणि आठवड्यानं बोलावलं. आम्ही पुन्हा गेलो. तोच प्रवास, तोच पदर, फक्त या वेळी खाली डिस्क नव्हती.

"ताई, सगळं नाही आलं. काही आलं. पण नावं उडाली सगळी, नुसते नंबर राहिले. तुमचं कोणतं ते ऐकूनच शोधावं लागेल."

आवाजाच्या फायली चारशेच्या वर! त्यानं दारातले मोठे स्पीकर जोडून दिले आणि आम्ही पहिल्या नंबरापासून सुरुवात केली.

आमची अख्खी गल्ली त्या स्पीकरमधून जाऊ लागली. ताईच्या लग्नातला बँड. विहारातल्या मुलींचं भीमगीत, मधे कोणीतरी खुदकन हसलेलं. गुरुजींचं निरोपसमारंभाचं भाषण, 'माझे दोन शब्द' म्हणून पाऊण तास. वानखडेकाकांच्या गाडीची कोणीतरी टिपून ठेवलेली शिट्टी, लांबून जवळ येणारी. काकू एकेक ऐकत होत्या आणि प्रत्येकाला मान हलवून "हे नाई" म्हणत होत्या. शंभर झाले. दोनशे झाले. दुकानदारानं चहा मागवला. मी काकूंकडे बघायचं टाळत होते.

मग एका नंबराला नुसती खरखर आली. दुकानदारानं आवाज पूर्ण वाढवला.

"मेऽऽथी, पाऽऽलक, सांबाऽऽर! ताजा माल हाय वो बाईऽऽ!"

सगळी गल्ली दणाणली. काकू उभ्या राहिल्या.

वरच्या मजल्यावर खिडकी उघडल्याचा आवाज आला. एक बाई गॅलरीतून वाकून खाली ओरडली, "ओ भाजीवाले! मेथी कशी देल्ली?"

दुकानदार हसायला लागला. मी काही बोलणार, तोच काकू दाराबाहेर गेल्या, डोक्यावर पदर घेतला आणि वर बघून म्हणाल्या,

"थांबा बाई, येऊन राह्यले ते!"