आमटीचं ट्रेनिंग

माझी बायको नोएडातल्या एका कंपनीत एचआरमध्ये आहे. कर्मचारी म्हणजे खर्च नव्हे, भांडवल, हे ती दिवसभर ऑफिसात सांगते आणि संध्याकाळी घरी येऊन मला सांगते. माझ्यात मात्र तिने अजून काडीची गुंतवणूक केलेली नाही. असो.

आई गेल्यावर बाबांना आम्ही साताऱ्याहून इकडे आणलं. जन्मभर हेडमास्तरकी केलेला माणूस, इथे ओरडणार कुणावर? त्यात जेवणाचे हाल. आमच्या स्वयंपाकाच्या बाई बुंदेलखंडच्या. आमटी सांगितली तरी कांदा-टोमॅटोचा तडका, वर गरम मसाला. बाबा दोन घास खात आणि ताट बाजूला सारत. त्यांची बॅग पलंगाखाली कायम भरलेली. "मी आपला जातो साताऱ्याला," हे रोज जेवताना. एकटे तिथे काय करणार होते, कपाळ! मला त्या बॅगेची धास्तीच बसली होती.

मी म्हटलं, बाई बदलू. बायको उसळलीच. "माणूस बदलायचा नसतो, घडवायचा असतो! आपण कधी ट्रेनिंग दिलंय का त्यांना?" आणि ट्रेनर म्हणून तिने चक्क बाबांना नेमलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून ओट्याशेजारी खुर्ची टाकून बसले. आयुष्यात स्वतःचा चहा केला नाही, पण आईची आमटी जिभेला पाठ होती.

"इसमें गूळ डालो."

बाई थबकल्या. "दाल में गुड़? बाऊजी, तबीयत तो ठीक है?"

"आमसूल भी डालो. अब उकळने दो. सारखं ढवळो मत!"

बाईही काही कमी नव्हत्या. "तो खुद बना लो!" म्हणून पळी आपटायच्या. रोज सकाळी खडाजंगी. मी मध्ये पडलो की दोघंही माझ्यावर उलटायची. शुक्रवारी बायको अप्रेझल घ्यायची: आमटीत प्रगती आहे, पोळी अजून जाड.

आणि एक दिवस आमटी जमली. बाबांनी भुरका मारला. मग म्हणाले, "तिचीच." मी नुसता भात कालवत बसलो.

पण सुख कुठलं टिकायला! त्याच महिन्यात बाईंनी नोकरी सोडत असल्याचं जाहीर केलं. दिल्लीत मुनिरकाला त्यांची बहीण विद्यार्थ्यांची खानावळ चालवते. तिथली परीक्षेची तयारी करणारी मराठी पोरं आमटीसाठी कासावीस झालेली. बहिणीने बाईंना बोलावून घेतलं.

"घडवा अजून!" मी बायकोवर खेकसलो. बाबांची बॅग माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

बायकोने मात्र रीत सोडली नाही. बाईंना टेबलाशी बसवलं, चहा-बिस्किटं दिली आणि एक्झिट इंटरव्ह्यू सुरू केला. "हमारे यहाँ क्या कमी रह गई?"

"कुछ नहीं, भाभीजी." बाईंनी बिस्किट चहात बुडवलं. "बस, बाऊजी को साथ भेज दो. पूरनपोली अभी कच्ची है मेरी. और वहाँ डाँटने वाला कोई नहीं है."

बायकोचा आ वासलेला. एवढ्या वर्षांच्या नोकरीत जाणाऱ्याने ट्रेनरच मागून नेल्याची केस तिच्याकडे आली नव्हती. तेवढ्यात बाबा बूट चढवून बाहेर आले. हातात तीच बॅग. मी उठून दाराशी गेलो.

"साताऱ्याला?"

"मुनिरकाला. मेट्रो थेट जाते. संध्याकाळी येईन परत, तुमचाही डबा घेऊन."

मी बॅग हातात घेतली, तर अगदी हलकी. चेन उघडली. आत गोडा मसाला, आमसुलं आणि चष्मा.

"आणि कपडे?"

"कपाटात लावले," बाबा बॅग ओढून घेत म्हणाले. "रोज कोण वाहणार ते ओझं?"