एकही डबा न लपवणाऱ्याचा कबुलीजबाब
"फोनच्या नकाशावर खुणा बघून आमचे डबे शोधतोस, स्वतः एकही का लपवत नाहीस?" असे टोमणे आपल्या डबे लपवण्या-शोधण्याच्या खेळाच्या गटात तुम्ही मला रोज मारता. म्हणून आज सूर्यमाळला एका बांधाच्या दगडाखाली डबा सरकवला.

"काय पुरतो रं?" नागलीच्या शेतातून एक आजी विळा घेऊन आली.

"खेळ आहे, आजी. लोक येऊन शोधतील."

"कोण लोक?"

"कोणीही."

"तेच तं! मागं एक जण असाच दगडाला खूण करून गेला. मग जमीन घ्यायला मोजणीवाले आले."

मी डबा उघडून शोधणाऱ्याने नाव लिहायची वही-पेन्सिल दाखवली. तिचा विश्वास बसेना. थोड्या वेळाने माझाही बसेना. डबा घेऊन परत आलो.

आता संशय तुमचाच येतोय. तुम्ही डबे लपवलेत, ते कुणाला विचारून?