सासूबाईंचा जास्तीचा वेढा

प्रयोगशाळेत त्यांना बरोबरीचे सगळे 'सासूबाई' म्हणत. होते पुरुष, मिशा तर मास्कमध्ये मावायच्या नाहीत. पण उपग्रहांच्या जुळणीच्या खोलीत कुणाचा केस टोपीबाहेर डोकावला की ह्यांचा जीव वरखाली. घरी मात्र ओला टॉवेल पलंगावर. बायको म्हणे, "सगळी टापटीप ऑफिसातच ठेवून येता वाटतं!"

बुटांच्या खोक्याएवढा एक उपग्रह त्यांनी जोडला. सूर्य खवळला की पृथ्वीवरची अगदी वरची, विरळ हवा कशी फुगते, हे त्याने मोजायचं होतं. त्याचा अँटेना मोजायच्या टेपच्या पट्टीसारखा गुंडाळून नायलॉनच्या दोऱ्याने बांधायचा. वर गेल्यावर एक तार तापणार, दोरा वितळणार, अँटेना उघडणार. वेढा एकच द्यायचा ठरलेलं. सासूबाईंनी गुपचूप आणखी एक दिला. उड्डाणाच्या धक्क्याने सुटला म्हणजे?

उपग्रह वर गेला आणि गप्प बसला. कुणी बॅटरीला नावं ठेवली, कुणी नशिबाला. सासूबाईंना जेवण जाईना. शेवटी बायकोजवळ बोलले, तर ती खो खो हसत सुटली.

"तुम्ही बांधलेली बॅग आजवर कात्रीशिवाय उघडली आहे का? आता वर कात्री घेऊन कोण जाणार? सांगून टाका बाईंना."

बाई म्हणजे प्रकल्पाच्या प्रमुख. त्यांनी ऐकलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"विचारायचं तरी होतं!"

"तुम्ही नको म्हटलं असतं."

"म्हणून विचारायचं असतं, सासूबाई!" हे नाव बाईंच्या तोंडून त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं.

मग बाईंनी तार जास्त वेळ तापवायची आज्ञा तयार केली. मिटलेल्या अँटेनाला हाक ऐकू जाईलच असं नव्हतं. उपग्रह डोक्यावरून जाऊ लागला की पूर्ण जोर लावून ती पाठवायची, पुन्हा पुन्हा. सासूबाई शेजारी गाल फुगवून उभे, जणू फुंकर मारून तार तेच तापवणार होते.

एका दुपारी पडद्यावर बारीकशी रेघ उठली.

"बोलला! बाई, बोलला हो!" सासूबाईंनी मिशा पुसल्या, डोळे पुसायचे राहूनच गेले.

पुढे सूर्य खरोखरच खवळला, आणि फुगत्या हवेचे आकडे भराभर येऊ लागले. त्या संध्याकाळी सासूबाईंनी शेजाऱ्यांना गच्चीवर नेलं. "तो बघा, आत्ता तिथून जातोय!" दिसत काहीच नव्हतं. शेजाऱ्यांची मान अवघडली, तरी सासूबाईंचं बोट काही खाली येईना.