दादाची कावीळ

आमच्या घरातली पहिली पदवी माझी. त्यामुळे ऑफिस, दवाखाना, मोबाइल यांतलं काहीही निघालं की ते माझ्याकडे यायचं. मला त्याचा कधी कंटाळा आला नाही. दादाने दहावीनंतर टेम्पो धरला म्हणून मी कॉलेजला जाऊ शकले. पहिल्या वर्षी उल्हासनगरला तोच मला सोडायचा. मी पुढे त्याच्या शेजारी आणि मागे तिथल्या कॅम्प दोनच्या फर्निचर बाजारात पोचवायची कपाटं, दिवाण, ड्रेसिंग टेबलं. मैत्रिणी हसायच्या. दादा त्यांनाही हात करायचा.

म्हणून वहिनी एका सकाळी, मी डबा भरत असताना, "ताई, दारू सोडवायचं एखादं ठिकाण शोधून द्या," असं म्हणाली, तेव्हा मी नुसती मान हलवली. आदल्या दिवशी दादाने भर बाजारात टेम्पो एका दुकानाच्या शटरवर घातला होता. कुणाला लागलं नव्हतं. ज्यांचा माल तो वाहायचा त्या सिंधी शेठने चावी काढून घेतली होती. "साईं, चाबी मेरे पास रहने दे. ठीक होके आ, गाडी तेरीच आहे," एवढंच ते बोलले. ओरडले असते तर दादाला बरं वाटलं असतं. सकाळी त्याचे हात इतके कापायचे की चहाचा कप त्याला दोन्ही हातांनी धरावा लागायचा, आणि हे आम्ही सगळे बरेच दिवस न बघितल्यासारखं करत होतो.

आईची एकच अट होती. "इथं नको. लांब कुठं तरी बघ. अंबरनाथात कुणी बघितलं तर संध्याकाळपर्यंत बदलापूरला कळंल. तुझ्या लग्नाची बोलणी चाललीत तिथं."

अंबरनाथ पूर्वेचं आमचं पालेगाव आता अर्धं बिल्डिंगचं झालं आहे. तरी बिल्डिंगच्या गेटवरचा वॉचमनही कुणाच्या तरी मामेभावाच्या ओळखीचा निघतो. आईचं म्हणणं मला पटलं होतं. जेवणाच्या सुट्टीत मी ऑफिसच्या जिन्यात बसून फोन लावत होते. कर्जतपलीकडची, पुण्याची, नाशिकची ठिकाणं. फोन उचलणारे सगळे घाईत असायचे. एकाने विचारलं, "मॅडम, पेशंट खुद आएगा या उठाना पडेगा?"

"उठाना म्हणजे?"

"लडके आते हैं गाडी लेके. आपको कुछ नहीं करना."

मी फोन ठेवला. दादाला कुणी गाडीत कोंबून नेतंय हे चित्र पुढे कितीतरी वेळ डोळ्यांसमोरून जाईना.

मग बदलापूरच्या पुढे, गावाबाहेर एक केंद्र आहे असं कळलं. तिथे कुणी आपलं नाही, म्हणून आई तयार झाली. मी आणि वहिनी बघायला गेलो. बंगला, भोवती उंच पत्रे, दाराला कुलूप. आतला माणूस नीट बोलला, पाणी दिलं. डॉक्टर कधी येतात विचारलं तर म्हणाला, "बोलावलं की येतात." पहिले काही महिने घरच्यांनी भेटायचं नाही, फोनही करायचा नाही. आम्ही निघालो तेवढ्यात वरच्या खिडकीच्या गजांतून कुणीतरी हाक मारली, "ताई, काल मॅच कोण जिंकलं?" वहिनी सांगणार तोच आतून कुणीतरी खिडकी लावून घेतली.

परतताना रिक्षात वहिनी मग म्हणाली, "मॅच कोण जिंकलं तेपण सांगत नाहीत. मग माणूस बाहेर येऊन कुणाशी काय बोलणार?"

चांगली केंद्रंही असतील, आहेतच. पण ती ओळखायची कशी, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आमच्या ऑफिसमधल्या एका मॅडमनी शेवटी सांगितलं की आधी सरकारी रुग्णालयात मानसोपचाराच्या ओपीडीत दाखवा, तिथे दारूचंही बघतात. आम्ही दादाला उल्हासनगरला घेऊन गेलो. "बीपी दाखवायला आलोय असं सांगा," हे आईने निघताना दोनदा बजावलं.

डॉक्टर बाई माझ्याच वयाच्या असतील. मी सगळं सांगायला सुरुवात केली, तसा त्यांनी हात वर केला. "यांना बोलू द्या." तेव्हा माझ्या लक्षात आलं की इतक्या दिवसांत आम्ही ठिकाणं शोधली, फोन केले, फी विचारली, दादाला मात्र कुणीच काही विचारलं नव्हतं.

दादा भिंतीकडे बघत म्हणाला, "सकाळी हात कापतात. घेतली की थांबतात. म्हणून घेतो. मजा तर कधीच गेली."

"मध्ये कधी एकदम बंद केली होती?"

"गणपतीत. तेव्हा फिट आली होती."

"बाहेरचं झालं होतं," वहिनी हळूच म्हणाली. आम्ही तेव्हा भगताकडे गेलो होतो.

"बाहेरचं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "खूप दिवसांची सवय असलेल्या माणसाने दारू एकदम तोडली तर असं होतं. जीवही जाऊ शकतो. म्हणून ॲडमिट करून, औषधं देऊन हळूहळू उतरवायची. घरी प्रयोग करू नका."

मी विचारलं, "त्यानंतर लांबचं एखादं चांगलं केंद्र सुचवाल?"

"लांब कशाला?"

उत्तर दादानेच दिलं. "लाज वाटते यांना," तो म्हणाला आणि हसला. डॉक्टरही हसल्या. मग म्हणाल्या, "काहींना केंद्रात राहावंच लागतं. तुमची तयारी दिसते, घरचे सोबत आहेत. राहायचं पालेगावात आहे ना? मग सोडायची सवयही तिथेच लागू दे." अंबरनाथ पश्चिमेला एका शाळेच्या मागच्या खोलीत दारू सोडलेल्या लोकांचा गट संध्याकाळी बसतो आणि शेजारच्या वर्गात घरच्या माणसांचा, हे त्यांनीच सांगितलं. मी महाराष्ट्रभर फोन लावले होते. ती शाळा माझ्या रोजच्या वाटेवर होती.

दादा ॲडमिट झाला. आता शेजारीपाजारी विचारू लागले, आणि आईला काहीतरी सांगणं भाग होतं. तिने सांगितलं, "कावीळ झालीय."

तिच्या हिशेबाने ते अगदी बरोबर होतं. काविळीत माणूस घरी पडून राहतो, तेलकट खात नाही, आणि मुख्य म्हणजे दारूला शिवत नाही. कुणी आग्रहही करत नाही. पण कावीळ म्हटली की आमच्याकडे सगळं गाव डॉक्टर होतं, हे ती विसरली. दादा घरी आला त्याच दिवशी काकी बदलापूरकडच्या एका वैदूची माळ घेऊन आली. कसल्याशा काड्यांचे तुकडे दोऱ्यात गुंतवलेली ही माळ गळ्यात घालायची. जसजशी कावीळ उतरते तसतशी माळ लांब होत जाते. खरं काय ते ठाऊक असूनही शेठने दुकानातल्या माणसाबरोबर उसाचा रस पाठवला. कुणी मुळ्याचा पाला आणला. घरात तेल बंद, मासळी बंद. दादा अंगणात माळ घालून मऊ भात खात बसायचा आणि शेजारून सुकटीचा वास यायचा.

"दारू सुटंल गं," तो मला म्हणाला, "पण ही बिनतेलाची भाजी मला घेऊन जाईल."

गंमत म्हणजे माळ खरोखरच वाढायला लागली. काड्या सुकून दोरा सैल होत असावा. आधी गळ्याशी होती, मग छातीवर आली. आई रोज बघायची आणि शेजारणींना दाखवायची. कधी झालीच नव्हती ती कावीळ उतरत होती, आणि तिला त्याचा मनापासून आनंद होत होता.

दादा संध्याकाळी गटाला जाऊ लागला. "रक्त तपासायला गेलाय," आई सांगायची. वहिनी घरच्या माणसांच्या वर्गात बसायची. सुरुवातीला मीही सोबत गेले. तिथल्या एका म्हाताऱ्या बाईने वहिनीला विचारलं, "नवऱ्याचा खिसा तपासतेस?" वहिनीने मान हलवली. "सोड तो धंदा. तुझ्या झोपेचं बघ." वहिनी त्या दिवशी पहिल्यांदा रडली. घरी आल्यावर म्हणाली, बरं वाटलं. शेठने दादाला परत बोलावलं. आधी दुकानात बसून माल मोजायचं काम दिलं. हात थांबलेत याची स्वतः खात्री करून घेतल्यावर चावी हातात ठेवली.

माळ पोटापर्यंत आली तेव्हा काका बघायला आले. काका म्हणजे वडिलांचे सख्खे भाऊ, आणि वडील गेल्यापासून घरातले मोठे. त्यांनी माळ हातात धरून पाहिली आणि जाहीर केलं, "उतरली! आता पोराच्या हळदीला तूच बसायचं आमच्यात."

आमच्याकडे हळदीच्या संध्याकाळी मांडवामागे भाऊबंदांची बैठक असते. नवरदेवाचा थोरला भाऊ तिथे पहिला ग्लास उचलतो. काकांचा मुलगा नवरदेव, म्हणून तो मान दादाचा. न जाणं म्हणजे काकांचा अपमान. जाऊन न घेणं म्हणजे त्याहून मोठा. आई म्हणाली, ताप आलाय सांगू. गटातल्या एका जुन्या माणसाने सांगितलं, पहिल्या वर्षी असल्या ठिकाणी जाऊच नये. दादाने दोघांचंही ऐकून घेतलं. मला म्हणाला, "आज ताप, उद्या पाठ, परवा अजून काय तरी. किती आजार काढायचे?"

हळदीच्या दिवशी तो दुपारपासून मांडवात राबत होता. खुर्च्या आणल्या, टेम्पोतून भांडी आणली. संध्याकाळी आम्ही बायका हळद लावत होतो तेव्हा मागून काकांची हाक आली. "कुठं लपलास रं? ये की! कावीळ गेली ना?"

दादा गेला. मांडवाचं कापड बाजूला केलेलं होतं, आम्हाला सगळं दिसत होतं. काकांनी ग्लास पुढे केला. आई इकडूनच ओरडली, "डॉक्टर अजून नाय बोललाय!"

"वहिनी, माळ पोटापर्यंत आली होती! मी स्वतः बघितली!" काका आईला म्हणाले.

सगळे हसले. दादाने ग्लास घेतला नाही. वहिनीच्या हातातली हळदीची वाटी तशीच राहिली होती.

"काका, कावीळ नव्हतीच," दादा म्हणाला. आवाज मोठा नव्हता, पण नेमका डीजेवाला वायर जोडत होता म्हणून सगळ्यांना ऐकू गेलं. "दारू सोडायला हॉस्पिटलात होतो. आता घेत नाय मी."

काकांनी ग्लास खाली ठेवला. मग काका म्हणाले, "मग माळ कशी वाढली?"

सगळे पोट धरून हसले. दादाही हसला. "ते काकीला विचारा, माळ तिचीच."

हसणं थांबल्यावर काकांना ते लागलं असावं. "मोठा साधू झालास. बापाच्या जागी मी, आणि माझ्या पोराच्या हळदीत मला नाय म्हणतंस?"

"साधू कसला, काका. हात कापायचे माझे. गाडी धरता येत नव्हती." त्याने ते हात पुढे करून दाखवले. "पोराच्या हळदीला रात्रभर काम सांगा, करतो. हे सांगू नका."

काकांनी तोंड फिरवलं. दादा आमच्याकडे येऊन बसला, वहिनीने ताट वाढलं. त्याने मटण पोटभर खाल्लं. कितीतरी दिवसांनी तेलाचं जेवण होतं ते.

आई मात्र माझ्याशी आणि दादाशी बोलेना. "हिच्या लग्नाचं काय?" एवढंच ती भिंतीला विचारायची. तिची भीती अगदीच खोटी नव्हती. एका स्थळाकडून निरोप आला की पत्रिका जुळत नाही, जी आधी जुळली होती. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण ज्या घरी दादाला आयुष्यभर कावीळच सांगावी लागली असती, तिथे मला अवघड गेलं असतं. हे मी आईला सांगितलं. तिने ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी दादाच्या भाजीत तिने नेहमीसारखं तेल घातलं.

लग्न पार पडल्यावर काही दिवसांनी, गटाच्या संध्याकाळी, मी, दादा आणि वहिनी नाक्यावर शेअर रिक्षात बसलो. रिक्षा सुटणार इतक्यात काका आले. हळदीपासून ते आमच्याशी बोलले नव्हते. इस्त्रीचा शर्ट घातलेला, दाढी केलेली. पुढे ड्रायव्हरशेजारी बसत म्हणाले, "मला वेस्टला काम हाय."

दादाने कसलं काम ते विचारलं नाही. रस्ताभर काका नवीन रस्त्याबद्दल आणि बिल्डरांबद्दल बोलत राहिले. स्टेशनचा पूल चढलो तेव्हाही बोलतच होते. पश्चिमेला उतरल्यावर ते दुसरीकडे वळतील असं मला वाटलं. ते आमच्या मागे चालत राहिले. वहिनीने माझा हात धरून मला पुढे नेलं, म्हणजे दोघं मागे राहतील.

शाळेच्या गेटशी मी वळून पाहिलं. काका आत जाणाऱ्या माणसांकडे बघत उभे होते. त्यांत एक जण बँकेतला दिसत होता, एक रिक्षावाला होता, एकाने लहान मुलीला कडेवर घेतलं होतं.

"बोलावं लागतं का सगळ्यांसमोर?" काकांनी विचारलं.

"मी पहिले काही दिवस नाय बोललो," दादा म्हणाला. "नुसता बसलो. चहा देतात."

काकांनी थोडा विचार केला. "चपला बाहेर काढायच्या?"

"हो, दाराशी."

ते पायरीवर बसले आणि चपला काढू लागले. दादा घाई न करता त्यांच्याजवळ उभा राहिला.